पेटीतल्या फोटोतली ती तरुणी: नाव विचारण्याआधी काय काय बघायचं

घर रिकामं करताना किंवा कुणाच्या माघारी कपाट आवरताना असा एखादा फोटो हाती लागतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला. नऊवारीतली तरुण बाई, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नाकात नथ, कपाळावर काळंभोर कुंकू, चेहऱ्यावर हसू नाही. फोटो लगेच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि संध्याकाळपर्यंत तिची तीन वेगवेगळी नावं ठरतात. त्यातलं जे नाव सर्वांत मोठ्या आवाजात सांगितलं गेलं ते टिकतं.

हा लेख पहिल्यांदाच असा फोटो हातात आलेल्यांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की ‘ही कोण’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. एकदा नाव चिकटलं की पुढचं सगळं आपण त्या नावाला जुळवून बघायला लागतो. साडी तिचीच वाटते, जबडा आत्याचाच वाटतो. आधी वस्तू बघा, मग फोटो बघा, मग बाई, आणि नाव त्यानंतर.

हात लावण्याआधी

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तेल, क्रीम काही नको. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा. सुती हातमोजे घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचाल, पण जुन्या पुठ्ठ्याच्या कडा ठिसूळ असतात आणि सुताचे धागे त्यात अडकून कपचे उडतात. कोरडे हात किंवा नायट्राइलचे मोजे बरे. फोटो कडेला धरायचा, दोन्ही हातांनी. खालच्या पुठ्ठ्याला बाक आला असेल तर तो सरळ करायला जाऊ नका. मोडला तर चेहऱ्यातूनच मोडतो.

ओल्या फडक्याने पुसणं, सेलोटेप लावणं, फाटलेलं फेव्हिकॉलने जोडणं, लॅमिनेशन करणं, मागे बॉलपेनने लिहिणं, यातलं काहीही करू नका. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने, मधून कडेकडे, हलक्या हाताने. बुरशी दिसली तर ब्रशही नको. फोटो वेगळा ठेवा, मास्क लावा, सावलीत वाऱ्याला कोरडा होऊ द्या. उन्हात नाही.

फोटो फ्रेममध्ये असेल तर थोडं जास्त जपून. आपल्याकडे फ्रेममधल्या फोटोंची वर्षानुवर्षं पूजा झालेली असते. काचेवर हळदकुंकवाची बोटं, उदबत्तीचा धूर, हाराच्या दोऱ्याची खूण. काच बाहेरून पुसायला हरकत नाही, पण ओल शिरून फोटो आतून काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. तो तसाच ठेवा आणि काचेतूनच प्रत काढा. चिकटलेला नसेल तर मागचे खिळे काढून फळी उचला. फळी आणि फोटो यांच्यामध्ये बऱ्याचदा वर्तमानपत्राची घडी घातलेली असते. ती फेकू नका. तारीख फाटलेली असली तरी एखादी जाहिरात, एखादी बातमी सांगते की फ्रेम कधीनंतर केली. फोटो मात्र त्याआधीचा कितीही जुना असू शकतो.

दोन्ही बाजूंची प्रत काढा

अभ्यास मूळ फोटोवर करायचा नसतो, प्रतीवर करायचा असतो. मूळ वस्तू जितकी कमी हाताळली जाईल तितकी बरी.

फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर उत्तम. रंगीत मोडवर स्कॅन करा, ब्लॅक अँड व्हाइटवर नको. तपकिरी, पिवळसर, जांभळट यांतला फरक पुढे कामाला येणार आहे. मोठ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, पत्त्याएवढ्या लहान फोटोला १२०० घ्या. फाइल टिफमध्ये ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला जेपेग वेगळी करा. बाक आलेला फोटो स्कॅनरच्या झाकणाखाली दाबू नका, त्याचा मोबाइलनेच फोटो काढा: खिडकीशेजारी, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर, शेजारी पट्टी ठेवलेली. पाठीची प्रत काढायला लोक हमखास विसरतात. पाठ कोरी असली तरी काढा.

आता एक कडक सूचना. चेहरा ‘स्पष्ट’ करणारी आणि फोटो रंगीत करणारी अ‍ॅप्स या टप्प्यावर अजिबात वापरू नका. ती मिटलेला तपशील शोधून काढत नाहीत, स्वतःच्या मनाने भरतात. पुसट डोळ्यांच्या जागी कुणाचे तरी ठसठशीत डोळे येतात आणि मग सगळे म्हणतात, अगदी मावशीच! फ्रेम करून भिंतीवर लावायला काय हवं ते नंतर करा.

पट्टी आणि भिंग

पुठ्ठा मोजा. साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर असेल तर ते कार्त-द-व्हिझित, म्हणजे भेटकार्डाएवढा फोटो. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं होतं आणि पुढची काही दशकं जगभर तेच चाललं. साधारण पावणेअकरा बाय साडेसोळा असेल तर कॅबिनेट कार्ड. ते १८६६च्या सुमारास आलं आणि १८८०-९०च्या दशकांत स्टुडिओंचं मुख्य माप तेच होतं. आपल्याकडच्या घरांत सापडणारे तरुण स्त्रियांचे फोटो बहुधा या दुसऱ्या मापाचे असतात. पाठीवर पोस्टकार्डाच्या रेघा आणि तिकिटाची चौकट छापलेली असेल तर आपण विसाव्या शतकात आलो, निदान त्या प्रतीपुरते तरी.

पुठ्ठाही बोलतो. पातळ, काटकोनी कोपऱ्यांचा, मागे फक्त स्टुडिओचं साधं नाव असलेला पुठ्ठा १८६०च्या दशकाकडे झुकतो. गोल कोपरे १८७०नंतर रुळले. जाड, तिरप्या कापाच्या सोनेरी कडा, गडद हिरवा, मरून किंवा काळा रंग, मागे वेलबुट्टीदार छपाई असं दिसलं की १८८०-९०. हे नियम विलायतेतल्या पुठ्ठ्यांवरून बसवलेले आहेत. इथल्या लहान स्टुडिओकडे जुना साठा संपेपर्यंत वापरला जायचा, म्हणून पाचसात वर्षं इकडेतिकडे सोडा.

आता दहापट भिंग घ्या, तिरप्या उजेडात फोटो धरा. कागदाचे तंतू प्रतिमेतून दिसतात का? दिसत असतील, उजळ भाग पिवळे पडले असतील, पृष्ठभागावर बारीक तडे असतील तर तो अल्ब्युमेन प्रिंट. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद, म्हणूनच तो पुठ्ठ्यावर चिकटवावा लागायचा, नाहीतर गुंडाळी व्हायची. १८९०च्या दशकात तो मागे पडत गेला. तंतू अजिबात दिसत नसतील, पृष्ठभाग गुळगुळीत असेल आणि कडेच्या काळ्या भागांवर तिरपं धरल्यावर चंदेरी झाक उठत असेल तर जिलेटिनचा थर असलेला कागद. तो १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे. मॅट, करड्या-काळ्या छटेचा, कुठेही न पिवळलेला आणि समोरच्या कागदावर स्वतःची फिकट सावली सोडणारा फोटो असेल तर तो प्लॅटिनम प्रिंट. तो दुर्मीळ आणि महागडा, घरात असेल तर जास्तच जपा.

भिंगाखाली आणखी एक बघायचं. फोटोत दुसऱ्या फोटोची कड, टाचणीचं भोक, फाटलेल्या कागदाची सावली दिसते का? दिसली तर तुमच्या हातात आहे ती प्रतीची प्रत. मूळ फोटो १८९०चा आणि ही प्रत १९२५ची असं सर्रास होतं. दिवाणखान्यातली मोठी चित्रंही अशीच. लहान फोटो मोठा करून त्यावर कोळशाच्या कांडीने आणि ब्रशने चेहरा गिरवायचा, बऱ्याचदा माणूस गेल्यानंतर. तशा चित्रात भुवया आणि ओठ चित्रकाराचे असतात. मूळ लहान फोटो दुसऱ्या चुलतघरात असण्याची शक्यता चांगली.

पाठ वाचा

स्टुडिओचं नाव, गाव, पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्या, स्पेलिंगसकट. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत व्हिएन्ना किंवा पॅरिस दिसलं म्हणून फोटो युरोपात काढला असं समजू नका. छापील पुठ्ठे तिकडून मागवले जायचे. बर्नहार्ड वाख्टल, व्हिएन्ना किंवा मॅरियन, पॅरिस ही पुठ्ठा करणाऱ्यांची नावं आहेत, फोटो काढणाऱ्यांची नाहीत.

पदकांची चित्रं असतील तर त्यावरची सालं वाचा. १८८३-८४च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचं पदक छापलेलं असेल तर पुठ्ठा त्याआधीचा असूच शकत नाही. स्टुडिओचा इतिहास माहीत असेल तर तोही असाच वापरता येतो. त्या काळचे नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ इंदूर, सिकंदराबाद करत मुंबईत १८९६ साली आले. त्यांच्या मुंबई स्टुडिओचं कार्ड असेल तर १८९६ ही खालची सीमा. अनोळखी स्टुडिओसाठी थॅकरच्या डिरेक्टरीसारख्या त्या काळच्या व्यापारी सूच्या चाळाव्या लागतात. त्यांतले बरेच खंड आता स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. कोणत्या वर्षी नाव दिसू लागतं, पत्ता कधी बदलतो, कधी गायब होतं, एवढ्यावरून पाचदहा वर्षांचा पट्टा मिळतो.

मागे पेन्सिलने नुसता आकडा लिहिलेला असेल तर तो बहुधा निगेटिव्हचा नंबर. स्टुडिओ काचेच्या निगेटिव्ह जपून ठेवत आणि मागाल तेव्हा प्रती देत. नात्यातल्या कुणाकडे त्याच स्टुडिओचा तारीख माहीत असलेला फोटो असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

मजकूर मोडीत असेल तर हात टेकू नका. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. तिथे शिकलेला एखादा तरी तुमच्या गावात सापडेल आणि चार ओळी वाचायला त्याला फार वेळ लागणार नाही. साल शके असेल तर ७८ मिळवा: शके १८१५ म्हणजे १८९३. पौष, माघ, फाल्गुनात इंग्रजी साल बदललेलं असतं, तेव्हा बहुधा ७९ मिळवावे लागतात. आकडा पुसला असेल आणि संवत्सराचं नाव उरलं असेल तरी चालतं. ‘विजयनाम संवत्सरे’ हे शके १८१५लाही येतं आणि साठ वर्षांनी पुन्हा शके १८७५ला, म्हणजे १९५३लाही, पण या दोहोंत गोंधळ व्हायचं कारण नाही.

रंग बघू नका, रंग फसवतात

इथे जरा थांबतो, कारण घरगुती फोटो वाचताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

त्या काळच्या निगेटिव्ह प्लेटला लाल रंग दिसतच नसे. निळा फार दिसे, हिरवा आणि पिवळा थोडाफार, लाल नाही. लाल रंगासह सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात यायला १९०६ साल उजाडलं. परिणाम असा: लालभडक कुंकू फोटोत काळं येतं. ती काजळाची टिकली नाही आणि बाईने काळं कुंकूही लावलेलं नाही. लाल, केशरी, डाळिंबी, कुसुंबी साड्या सगळ्या काळ्याच्या जवळ जातात. उलट आकाशी रंगाची साडी पांढरी दिसते. म्हणून ‘पांढरी साडी आहे, म्हणजे विधवा असणार’ किंवा ‘काळी चंद्रकळा आहे, म्हणजे संक्रांतीचा फोटो’ ही दोन्ही अनुमानं ठिसूळ. हिरव्या बांगड्या गडद येतात, सोनंही अपेक्षेपेक्षा गडद येतं. पाटल्या चमकतात त्या फक्त जिथे उजेड थेट परावर्तित होतो तिथे.

त्वचेचंही तसंच. कातडीतला लालसर-पिवळसर रंग प्लेटला कमी दिसायचा, त्यामुळे सगळेच मूळच्यापेक्षा सावळे येतात. ‘पणजी सावळी होती, फोटोत दिसतंय ना’ असं म्हणण्यात अर्थ नाही. डोळे मात्र उलटं बोलतात. निळसर घारे डोळे इतके फिके येतात की बुबुळ जवळजवळ पांढरं दिसतं आणि बघणाऱ्याला बाई आंधळी वाटते. कोकणस्थांच्या घरांत अशा फोटोंबद्दल उगाचच कहाण्या जन्माला आल्यात.

म्हणूनच रंगीत करणाऱ्या अ‍ॅपवर माझा राग आहे. ते बिचारं काळ्या कुंकवाला काळंच ठेवतं किंवा पुसून टाकतं, आणि डाळिंबी शालूला चॉकलेटी करतं.

कुंकवाबद्दल आणखी एक. भिंगाखाली ते नीट बघा. कधीकधी कुंकू फोटोतलं नसतं, नंतर प्रतीवर ब्रशने शाईचा ठिपका दिलेला असतो. तो कागदाच्या वर बसलेला दिसतो, कड तुटक असते, तिरप्या उजेडात चमक वेगळी येते. दागिन्यांवरही असे सोनेरी ठिपके दिलेले असतात. ते दिल्यामागचं कारण घरचं असू शकतं, तेव्हा नोंद करा आणि पुढे चला.

कपडे, दागिने, स्टुडिओचं सामान

आधी बाजू तपासा. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. सरळ छापलेल्या फोटोत ती तुम्हाला बघताना उजवीकडे दिसली पाहिजे. डावीकडे दिसली तर फोटो उलटा असण्याची शक्यता धरा. पत्र्यावरचे आणि काचेवरचे एकेकटे फोटो आरशासारखे उलटेच येत. कागदी प्रतीतही निगेटिव्ह उलटी ठेवली गेली की तेच होतं. हे तपासल्याशिवाय ‘डाव्या गालावर तीळ होता’ असली ओळख पटवू नका.

नऊवारीवरून साल काढता येत नाही. ती तेव्हाही तशीच नेसत, नंतरही तशीच. साल मिळतं ते चोळीवरून. खणाची कोपरापर्यंतची चोळी कुठल्याही दशकातली असू शकते, पण लांब बाह्यांचं, गळाबंद, लेस लावलेलं पोलकं किंवा जाकीट, पायांत मोजे आणि बूट असं दिसलं की शिकलेलं, सुधारणेकडे झुकलेलं घर समजा. बाही खांद्याशी फुग्यासारखी फुगलेली असेल तर ती विलायती फॅशन १८९५च्या आसपास शिगेला होती. इथे ती थोडी मागाहून, थोडी सौम्य होऊन आली.

दागिन्यांची यादी करा, पण वरून खाली, क्रमाने: अंबाड्यात मूद, राखडी, केतकी, कानांत कुड्या, बुगड्या, वेल, गळ्यात ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, पुतळ्यांची माळ, दंडावर वाकी, हातांत पाटल्या, गोठ, तोडे. हे कशाला? घरात अजून असलेला दागिना फोटोत सापडला तर तो नावापेक्षा भक्कम पुरावा. चिंचपेटीच्या मधल्या घाटाचा आकार, बुगडीवरच्या मोत्यांची मांडणी भिंगाखाली ताडून बघता येते. फक्त एवढं ध्यानात असू द्या की फोटोसाठी जावेचे, नणंदेचे दागिने अंगावर घालणं अगदी नेहमीचं होतं. दागिना घर सांगतो, बाई सांगेलच असं नाही. आणि मंगळसूत्र दिसलं नाही म्हणून कुमारिका ठरवू नका. बारीक काळे मणी पदराखाली किंवा गडद चोळीवर हरवतात.

वयाचा अंदाज नेहमी खाली घसरवा. शालू, नथ, भरलेले हात आणि गंभीर चेहरा यांमुळे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पंचविशीची वाटते.

पाठीमागचा रंगवलेला पडदा, खांब, कठडा, पुस्तक ठेवलेलं टेबल, गालिचा हे सगळं स्टुडिओचं. टेबलावर पुस्तक आहे म्हणून बाई शिकलेली होती असं नाही, पण बोट पुस्तकाच्या पानांत अडकवलेलं असेल तर निदान तसं दाखवायचं घरच्यांच्या मनात होतं एवढं म्हणता येतं. उलट पडदा कामाचा: त्याच पडद्यासमोरचा दुसरा फोटो सापडला तर स्टुडिओ कळतो.

हसू का नाही, यावर इंटरनेटवर बरंच काही लिहिलेलं आहे. ओल्या कोलोडियनच्या काळात, म्हणजे काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच फोटो काढायचे तेव्हा, काही सेकंद स्तब्ध राहावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँडचा आधार द्यायचे आणि त्याचे पाय कधीकधी साडीच्या घोळामागे दिसतात. १८८०नंतर तयार सुक्या प्लेट आल्या, वेळ खूप कमी झाला, तरी गंभीर चेहरा राहिलाच, कारण फोटो ही रोजची बाब नव्हती. स्टँडचे पाय दिसले की ‘हा मेलेल्या बाईचा फोटो’ अशी एक आवई हमखास उठते. ते स्टँड मान स्थिर ठेवण्यापुरतं असे, निष्प्राण देहाचं ओझं त्याने पेललंच नसतं.

आणखी एक गोष्ट नोंदवा: फोटो एकटीचा आहे की नवऱ्याबरोबरचा कापलेला? कडेला दुसऱ्याच्या खुर्चीचा हात किंवा धोतराची किनार उरली असेल तर उत्तर मिळालं. परक्या पुरुषासमोर फोटोला बसणं अनेक घरांत चालत नसे. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या बाईंच्या हाती दिला, तो याचसाठी.

लिहिलेलं नाव खरं धरायचं का?

मागे किंवा खाली नाव लिहिलेलं असेल तर काम संपलं असं वाटतं. तसं नसतं. याचं सर्वांच्या माहितीतलं उदाहरण घ्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातला तिघी विद्यार्थिनींचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतल्या केइ ओकामी, उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या.

आता खालची अक्षरं वाचा. तिघींच्याही नावाआधी ‘डॉ.’ आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ला, ओकामींना १८८९ला आणि इस्लामबुलींना १८९०ला. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी कुणीही डॉक्टर नव्हती. ही अक्षरं नंतर घातली गेली असावीत, आणि पदव्या बघून घातली असतील तर १८९०च्या आधी नाहीत. तोवर आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या वारल्या. पुढे बघा: त्यांचं गाव लिहिलंय ‘सेरॅनिसोर, इंडिया’. असं गाव नाही. गोपाळराव तेव्हा बंगालात सेरामपूरला पोस्टात होते आणि आनंदीबाई तिथूनच अमेरिकेला निघाल्या, त्या सेरामपूरचं हे रूप. सीरियन विद्यार्थिनीचं नावही ‘तबात’ पडलंय. फोटो खरा, तारीख खरी, बायका खऱ्या, आणि तरी एका ओळीत एवढ्या गोष्टी सरकलेल्या.

तुमच्या फोटोच्या मागच्या अक्षरालाही हेच प्रश्न विचारा. शाई कोणती? टाक-दौतीची, फाउंटनपेनची की बॉलपेनची? बॉलपेन असेल तर ते नाव स्वातंत्र्याच्या आसपास किंवा नंतर कुणीतरी आठवून लिहिलंय. ‘सौ.’ लिहिलंय की ‘कै.’? ‘काकी’ लिहिलं असेल तर कुणाची काकी? लिहिणाऱ्याची.

लग्नात नाव बदलण्याची चालही विसरू नका. आनंदीबाई माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच, कुर्लेकरांच्या. मागे ‘यमू’ लिहिलेलं असेल आणि सासरच्या वंशावळीत यमुना नसेल तर फोटो परका ठरत नाही. तो माहेरहून आलेला असू शकतो. म्हणून शोध दोन्हीकडे घ्या. कुळाचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर सुनांची माहेरची आडनावं आणि गावं त्यात बहुधा मिळतात. लेकींची माहिती मात्र एका ओळीत उरकलेली असते, ती त्यांच्या सासरच्या कुलवृत्तांतात शोधायची.

आता माणसांना विचारा

हातात पट्टा आलेला असेल, उदाहरणार्थ १८८८ ते १८९८, पुणे. या वर्षांत घरात त्या वयाच्या कोण कोण होत्या, सुना आणि लेकी दोन्ही, याची यादी आधी स्वतः करा. मग फोटो घेऊन बसा.

प्रश्न विचारायची रीत महत्त्वाची. ‘ही मनुआजी ना?’ असं विचारलंत की समोरची आजी हो म्हणते, वयामुळे नव्हे, सौजन्याने. ‘आजी, हा फोटो कधी पाहिलायस का? कुठे टांगलेला असायचा?’ इथून सुरुवात करा. भिंत आठवली की माणूस आठवतं. कुणाच्या खोलीत होता, कोण हार घालायचं, पितृपक्षात खाली काढायचे का. दोन जाणत्या माणसांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. एकत्र बसले की जी जास्त बोलते तिची आठवण दुसरीची होते. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. आणि नुसत्या चेहऱ्याच्या साम्यावर भिस्त ठेवू नका, चुलत-मामे घरांत नाकं सारखी असतात.

नोंद आणि ठेवण

मूळ फोटो आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे अल्बम, चिकट पानांचे अल्बम नकोत. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, डांबरगोळ्यांच्या डब्यात नको. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, एवढं पुरे. पावसाळा संपला की एकदा उघडून कसर आणि बुरशी बघायची. जुन्या फोटोंची खळ आणि जिलेटिन कसरीला फार आवडतं. भिंतीवर प्रत लावा, मूळ नाही.

माहिती पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी. फोटोच्याच पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता, आणि फक्त एक क्रमांक. सविस्तर नोंद वेगळ्या कागदावर आणि स्कॅनच्या फोल्डरमध्ये. तीत तीन प्रकारची वाक्यं वेगवेगळी ठेवा: फोटोवर प्रत्यक्ष दिसतं ते, कुणी सांगितलं ते (कोणी, कधी), आणि तुमचा तर्क. नमुना असा:

‘कॅबिनेट कार्ड, मरून पुठ्ठा, सोनेरी कड, स्टुडिओ पुणे. अल्ब्युमेन. नथ बघताना उजवीकडे, म्हणजे फोटो सरळ. कुंकू मूळचं, वरून दिलेलं नाही. मागे बॉलपेनने “यमूआत्या”. थोरल्या काकूंच्या सांगण्यानुसार माजघरात टांगलेला असे. तर्क: १८८८ ते १८९८, आजोबांच्या आत्यांपैकी एक. नाव नक्की नाही.’

शेवटचं वाक्य लाज न बाळगता लिहा. ही नोंद आणि दोन्ही बाजूंचे स्कॅन मग ग्रुपवर टाका, आणि आपल्याच घरच्यांना नव्हे, त्या आत्यांच्या सासरच्या घरांनाही पाठवा. ‘यमूआत्या’ ज्या घरात सून म्हणून गेली तिथे ती दुसऱ्याच नावाने, कदाचित याच पडद्यासमोर, एखाद्या अल्बमात असेल.